राउटिंग टेबल बरोबर, तरी पॅकेट भलतीकडे

नेटवर्क सपोर्टला नव्याने लागलेल्यांच्या वाट्याला ही तक्रार कधी ना कधी येतेच: "मुख्य लिंक पडली, ओएसपीएफने ट्रॅफिक दुसऱ्या लिंकवर नेलं, सगळं ऑफिस चालू आहे, फक्त अकाउंट्सचं बंद आहे." ओएसपीएफ म्हणजे राउटरनी एकमेकांकडून वाटा शिकून राउटिंग टेबल भरायचा प्रोटोकॉल. राउटरवर शो आयपी राउट, म्हणजे ते टेबल, स्वच्छ दिसतं, पिंगही जातो. मग सगळे फायरवॉलच्या मागे लागतात.

अशा वेळी मी आधी शो आयपी पॉलिसी बघतो. कोणत्या इंटरफेसवर राउट-मॅप, म्हणजे 'असं पॅकेट आलं तर इकडे पाठव' अशा नियमांचा संच, लावलाय ते तिथे कळतं. पीबीआर (पॉलिसी-बेस्ड राउटिंग, म्हणजे या नियमांनुसार वाट ठरवणं) पॅकेट आत येतानाच लागू होतं, राउटिंग टेबलच्या आधी. राउट-मॅपमध्ये मॅच झालं की ओएसपीएफ काय शिकलंय याला अर्थ उरत नाही. आणि राउटरने स्वतः तयार केलेल्या पॅकेटला इंटरफेसवरचा राउट-मॅप लागतच नाही, सोर्स म्हणून व्हीलॅनचा पत्ता दिला तरी. म्हणून राउटरवरच्या पिंगवर विश्वास ठेवू नका. युजरच्या पीसीवरून ट्रेसराउट घ्या आणि त्याच वेळी शो राउट-मॅपमधले आकडे वाढतात का ते बघा.

एका शाखेत नेमकं हेच झालं होतं. मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि राउटरची केबल जोडणारा डबा) जिवंत, राउटरचा पोर्ट अप, पण पुढची फायबर तुटलेली. शेजारच्या राउटरचे हॅलो संदेश येईनात म्हणून ४० सेकंदांत ओएसपीएफने शेजारी सोडला. राउट-मॅपमधल्या सेट आयपी नेक्स्ट-हॉपला (पॅकेट पुढे कोणाकडे द्यायचं ते सांगणारी ओळ) मात्र पोर्ट अप एवढंच दिसत होतं, त्यामुळे पॅकेट त्या मेलेल्या लिंकमध्येच जात राहिली. यावर उपाय म्हणजे आयपी एसएलए (राउटरने सतत पिंग करून तपासणं), ट्रॅक (त्या तपासणीचा अप किंवा डाउन निकाल) आणि व्हेरिफाय-अव्हेलेबिलिटी (निकाल अप असेल तरच तो नेक्स्ट-हॉप वापरणं). इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे: एसएलएने हेड ऑफिसच्या सर्व्हरला पिंग करू नये. तो पिंग ओएसपीएफच्या नव्या वाटेने पोहोचतो आणि ट्रॅक अपच राहतो. त्याच लिंकच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता तपासा.

दुसरी नेहमीची भानगड एसीएलची, म्हणजे राउट-मॅपने कोणती पॅकेट धरायची ते सांगणाऱ्या यादीची. इंटरनेटसाठी "परमिट आयपी १०.१.२०.० ०.०.०.२५५ एनी" लिहिलं की आतल्या सर्व्हरकडचं ट्रॅफिकही ब्रॉडबँडवर जातं. वर १०.०.०.० साठी डिनाय टाका. नवी मुलं इथे बिचकतात, पण या एसीएलमधला डिनाय पॅकेट टाकून देत नाही, नेहमीच्या राउटिंगकडे सोपवतो.

लिनक्सवरही गोष्ट तीच. एफआरआर (लिनक्सवर ओएसपीएफ चालवणारं सॉफ्टवेअर) शिकलेले राउट सहसा मेन टेबलमध्ये घालतं आणि त्या टेबलचा रूल (कोणत्या टेबलमध्ये बघायचं ते सांगणारा नियम; लहान आकड्याचा आधी तपासला जातो) ३२७६६ वर असतो. त्याहून लहान आकड्याचा रूल जुळला आणि त्याच्या टेबलमध्ये राउट सापडला, तर मेनकडे कोणी बघत नाही. आयपी राउट गेटला फ्रॉम (सोर्स पत्ता) आणि आयआयएफ (पॅकेट आत येतं तो इंटरफेस) दोन्ही द्या, तरच युजरच्या पॅकेटची खरी वाट दिसते. वाट बरोबर असूनही पॅकेट गायब होत असेल तर आरपी-फिल्टर (सोर्सकडे परत जायची वाट तपासणारी सेटिंग) १ वर, म्हणजे कडक तपासणीवर, आहे का बघा. जायची आणि यायची लिंक वेगळी असली की तो पॅकेट गुपचूप टाकून देतो. २ (सैल तपासणी) केल्यावर सुरू झालं तर दोष तिथेच होता.