मिठीच्या पाण्यातला प्राणवायू कसा मोजायचा

काठावरचं प्लास्टिक उचलणं गरजेचंच आहे, पण मुंबईच्या मिठी नदीचा जीव जातो तो नाल्यांतून येणाऱ्या, पाण्यातला प्राणवायू संपवणाऱ्या सांडपाण्याने. कोणता नाला किती घात करतो हे दाखवायचं, तर नाला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली, पाणी नीट मिसळल्यावर, दुसरा असे दोन नमुने लागोपाठ घ्या. नुसता एक आकडा तक्रारीत टिकत नाही.

नमुना पहाटे घ्यावा. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं आणि आकडा फुगतो. बीकेसीपासून (वांद्रे-कुर्ला संकुल) माहीमपर्यंत भरतीचं खारं पाणी आत शिरतं, म्हणून तिथे ओहोटी संपत आल्यावरच जा.

३०० मिलीची काचेची बीओडी बाटली (पाणी तपासायची घट्ट बुचाची बाटली) तिरकी धरून पाण्याखालीच भरा आणि बूचही पाण्याखालीच लावा. बादलीतून ओतलंत की हवा मिसळते. बुडबुडा दिसला तर बाटली पुन्हा भरा.

पुढचं काम काठावरच उरका. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून २ मिली मँगनस सल्फेट सोडा, मग २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइडचं द्रावण. बूच लावून बाटली दहा-पंधरा वेळा उलटीसुलटी करा. तपकिरी साका (खाली बसणारा गाळ) म्हणजे प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाही. साका अर्ध्यावर बसला की २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला. हातमोजे आणि चष्मा हवाच, अझाइड विषारी आहे. आता बाटली अंधारात ठेवली तर आठ तासांच्या आत मोजता येते.

त्यातलं २०३ मिली घेऊन ब्युरेटमधून ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं सोडियम थायोसल्फेट थेंब थेंब सोडा. रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घाला, निळा रंग पहिल्यांदा जाईल तिथे थांबा. थोड्या वेळाने निळा परत आला तरी तो मोजू नका. जितके मिली लागले, तितके मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष किमान ५ आहे.

साका सगळीकडे पांढराच येत असेल तर रसायनं तपासा. रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी जोरात हलवून त्यावर हीच चाचणी करा. ३० अंश तापमानाला साडेसातच्या आसपास यायला हवं. काळ्या, कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या पाण्यातलं सल्फाइड आकडा खाली ओढतं, ते नोंदीत लिहा. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, भरतीची वेळ आणि जागेचा फोटोही जोडा.

पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो. वापरलेली रसायनं कॅनमध्ये भरून परत आणा.