गुऱ्हाळावर चिपाडाचा हिशेब: विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी मोजणीची रीत

करवीर-पन्हाळ्याच्या गुऱ्हाळांवर दर हंगामात विद्यार्थ्यांचे गट येतात, फोटो काढतात आणि अहवालात चुलवाणाबद्दल, म्हणजे रस आटवायच्या भट्टीबद्दल, ‘कार्यक्षमता कमी आहे’ असं लिहून मोकळे होतात. ते गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्याला, आधीच ठाऊक असतं. कमी म्हणजे किती, उष्णता जाते कुठून आणि जाळ सांभाळणाऱ्या चुलव्यानं काय बदलावं, हे सांगता आलं तरच प्रकल्प कामाचा.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू होतात आणि मार्चपर्यंत चालतात, पण मालकाशी बोलणं सप्टेंबरातच उरका. एका श्रेयांकाला 30 तास धरले तर 4 श्रेयांकांच्या प्रकल्पाला 120 तास मिळतात. त्यातले निम्मे तरी चुलवाणापाशी जायला हवेत.

सामान फार लागत नाही: 100 किलोचा टांगता काटा, रसाचा ब्रिक्स मोजायला हँड रिफ्रॅक्टोमीटर, तापमानासाठी लांब दांडीचं के-टाइप थर्मोकपल, मोजपट्टी आणि झिपच्या पिशव्या. धूर तपासायचा गॅस अ‍ॅनालायझर महाग असतो, तो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मागून घ्या. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन नको. काहिलीच्या (रस उकळायच्या मोठ्या कढईच्या) चकचकीत कडेवर आणि वाफेतून ती हमखास चुकते.

दिवसाचं पहिलं आधण, म्हणजे काहिलीतली पहिली खेप, मोजू नका. तेव्हा चुलवाण थंड असतं आणि बरीच उष्णता विटाच पितात. दुसऱ्या आधणापासून सुरुवात करा. रस हौदात आला की फेस बसू द्या, मग खोली मोजून लिटर काढा. 20 ब्रिक्सच्या (100 किलोत 20 किलो विरघळलेले घन पदार्थ असलेल्या) रसाचं वजन लिटरला साधारण 1.08 किलो भरतं. लिटर म्हणजेच किलो धरलं तर सुरुवातीलाच 8 टक्क्यांची चूक पदरात पडते. ब्रिक्स घेताना रस गार हवा. गरम थेंबातलं पाणी काचेवरच उडतं आणि आकडा फुगतो.

रस साफ करायला घातलेलं भेंडीचं आणि चुन्याचं पाणी बादलीनिशी तोला, कारण तेही आटवावं लागतं. उकळताना वर येणारी मळी काढली की तोला. शेवटी गूळ थंड करायच्या वाफ्यातला सगळा गूळ तोला. मग:

आटलेलं पाणी = रस + घातलेलं पाणी − मळी − गूळ

चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, जळतं तसं भारा-भारा तोलून लिहायचं. त्यातला ओलावा मात्र डोळ्यांनी ठरवू नका. ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून नमुने घ्या, पिशवीतली हवा काढून बंद करा आणि प्रयोगशाळेत 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. घाण्यातून निघालेल्या चिपाडात जवळपास निम्मं पाणी असतं. वाळत घातलेला ढीग वरून कोरडा दिसला तरी तळाशी दमट निघतो, आणि आग मंदावण्याचं कारण बऱ्याचदा हेच.

उदाहरणादाखल 1,000 किलो रस, 30 किलो घातलेलं पाणी, 30 किलो मळी आणि 200 किलो गूळ धरू. पाणी आटलं 800 किलो. पाण्याची वाफ करायला लागणाऱ्या किलोला 2,257 किलोज्यूल या दरानं 1,806 मेगाज्यूल झाले. रस उकळीला आणायला आणखी 290 च्या आसपास. चिपाड जळलं 500 किलो. वाळलेल्या चिपाडाचे किलोला 15 मेगाज्यूल धरले तर चुलवाणात 7,500 गेले आणि कामी आले सुमारे 28 टक्के.

तुलना करताना ‘किलो गुळामागे चिपाड’ हा आकडा सगळे वापरतात, पण तो फसवा आहे. उसाचा ब्रिक्स वाढला की आटवायचं पाणी कमी होतं आणि चुलवाणात काही न बदलता आकडा सुधारतो. शिवाय काही ठिकाणी काहिलीत साखर टाकतात. 20 ब्रिक्सच्या 1,000 किलो रसात घन पदार्थच 200 किलो. त्यातून 240 किलो गूळ निघाला तर वाद न घालता ते आधण बाजूला ठेवा. म्हणून मोजमाप ‘आटलेल्या किलो पाण्यामागे चिपाड’ हेच ठेवा. वरच्या उदाहरणात ते 0.63 किलो येतं.

उष्णता जाते कुठं हे धुराडं सांगतं. बुडापासून मीटरभर उंचीवर भोक पाडून तापमान आणि ऑक्सिजन घ्या. ऑक्सिजन 14 टक्के आला तर गरजेच्या तिप्पट हवा आत जाते आहे आणि ती तापून फुकट बाहेर पडते. मात्र आधी भेगा मातीनं लिंपून घ्या. चुलवाणाच्या मागच्या भिंतीतून शिरणारी हवाही मीटर मोजतो आणि दोष चुलव्याच्या माथी बसतो. ऑक्सिजन कमी आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर गोष्ट उलटी: चिपाड एकदम कोंबलं आहे किंवा जाळीखाली राख साठली आहे.

बदल एका वेळी एकच करा. थोडं-थोडं पण सतत चिपाड टाकणं आणि भारा टाकल्यावर चुलवाणाचं तोंड झाकणं, यांना खर्च नाही, तेव्हा सुरुवात तिथूनच. बदलाआधी पाच आणि नंतर पाच आधणं, शक्यतो एकाच फडातल्या उसाची मोजा. पाक 118 अंशांच्या आसपास गेला की काहील उतरायची घाई असते; तेव्हा वायरी गुंडाळून मागं सरा. उडालेला पाक कातडीला चिकटतो.

चुलव्यांचं प्रशिक्षण वर्गात घेऊ नका. आधण चालू असताना मीटर त्यांच्या हाती द्या, तोंड उघडं ठेवून आणि झाकून आकडा कसा हलतो ते त्यांनाच पाहू द्या. मालकाला मराठीत एक पान पुरे: किती चिपाड वाचलं आणि आजच्या भावानं त्याचे किती रुपये झाले. ते पान हंगाम संपायच्या आत पोचवा, म्हणजे जाळी किंवा धुराडं बदलायचं असेल तर गवंडीकाम पावसाआधी उरकता येतं.