लॉ सीईटीचा स्कोअर हातात आल्यावर या चुका टाळा

लॉ सीईटीचा, म्हणजे राज्याच्या विधी प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांपासून घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत एकच प्रश्न फिरतो, "एवढ्यात आयएलएस मिळेल का?" आयएलएस हे पुण्यातलं नावाजलेलं लॉ कॉलेज, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक आहे. पण स्कोअर आणि कॉलेज यांच्यामध्ये काही आठवड्यांची प्रवेश प्रक्रिया असते. वर्षभर घाम गाळून मिळवलेल्या चांगल्या स्कोअरचं मातेरं तिथेच होतं. प्रवेशाच्या हंगामात मुलांबरोबर फॉर्म भरायला बसणाऱ्या आम्हा लोकांना दरवर्षी त्याच त्या चुका दिसतात, आणि त्यातल्या बहुतेक सहज टाळता येण्यासारख्या असतात.

परीक्षा एक, कॉलेज भलतंच

आधी मुळातला गोंधळ. पुण्यातली सगळी लॉ कॉलेजं एकाच परीक्षेवर प्रवेश देत नाहीत. आयएलएस, मराठवाडा मित्र मंडळाचं शंकरराव चव्हाण विधी महाविद्यालय, मॉडर्न लॉ कॉलेज अशा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांमध्ये राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा चालते आणि जागा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून भरल्या जातात. विमाननगरच्या सिम्बायोसिस लॉ स्कूलसाठी मात्र स्लॅट ही सिम्बायोसिसची परीक्षा द्यावी लागते. भारती विद्यापीठाच्या न्यू लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षाही स्वतःची आहे. ही दोन्ही अभिमत विद्यापीठांची कॉलेजं आहेत, कॅपच्या यादीत ती सापडणार नाहीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठ पुण्यात नाही. महाराष्ट्रात ती तीन आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर, आणि तिथे क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामायिक परीक्षाच लागते. महाराष्ट्राचा अधिवास असेल तर त्याचा फायदा मिळतो, पण तसा दावा क्लॅटचा अर्ज भरतानाच नोंदवायचा असतो. निकालानंतर आठवून उपयोग नाही.

तारखांचा फटका याहून मोठा बसतो. क्लॅट गेली काही वर्षं डिसेंबरमध्ये होते आणि अलीकडे स्लॅटही डिसेंबरमध्येच होऊ लागली आहे. बारावीची परीक्षा संपल्यावर मार्चमध्ये "आता लॉचं बघू" म्हणणाऱ्याच्या हातात त्या वर्षापुरती बहुतेक सीईटीच उरते, तीही अर्जाची मुदत संपलेली नसेल तर. ज्याला बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आहे त्याने बारावीच्या दिवाळीआधीच कुठल्या परीक्षा द्यायच्या हे पक्कं केलेलं बरं.

९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के नव्हे

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू. पर्सेंटाइल तुम्हाला किती गुण पडले ते सांगत नाही. तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे शंभरात किती जण आहेत, ते सांगतो. परीक्षा एकाहून जास्त सत्रांत झाली की प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, त्यामुळे तुलना आपल्याच सत्रातल्या मुलांशी होते. सकाळच्या सत्रातले ८० गुण आणि दुपारच्या सत्रातले ८० गुण यांना वेगवेगळा पर्सेंटाइल मिळू शकतो. यात कुणावर अन्याय झालेला नसतो. पेपर कमी-जास्त अवघड निघाल्याची ती भरपाई असते.

आता कागदावर हिशेब मांडा. समजा परीक्षेला ६०,००० जण बसले. ९५ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे सुमारे ३,००० जण. ९८ ला १,२००. ९९ ला ६००. बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिली शिक्षणावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार लॉच्या एका तुकडीत ६० विद्यार्थी घेता येतात. म्हणजे ९८ आणि ९९ या दोन आकड्यांच्या मध्ये पूर्ण दहा तुकड्या भरतील एवढी मुलं उभी आहेत! घरी "एका पॉइंटने काय होतंय" असं म्हटलं जातं, त्याचं उत्तर हे आहे. ७० आणि ७१ च्या मध्येही तितकीच मुलं असतात, पण तिथे त्या फरकाने कॉलेज सहसा बदलत नाही. वरच्या टोकाला मात्र अर्ध्या पॉइंटने बदलतं.

तरीही निकालाचा आकडा पाहून लगेच खचू नका. सीईटी दिलेला प्रत्येक जण कॅपची नोंदणी करत नाही. कुणी क्लॅटवर दुसरीकडे गेलेला असतो, कुणी पात्रतेत बसत नाही, कुणाचा विचारच बदललेला असतो. म्हणून कॅपच्या गुणवत्ता यादीतला तुमचा क्रमांक निकालाच्या अंदाजापेक्षा बराच वर असू शकतो. कॉलेजचा अंदाज याच क्रमांकावरून बांधा, आणि आरक्षित प्रवर्गात असाल तर प्रवर्गातला क्रमांकही बघा.

भलत्याच कटऑफशी तुलना

इन्स्टावर फिरणारा एखादा स्क्रीनशॉट दाखवून मुलं विचारतात, "मॅडम, मागच्या एका वर्षी ११० ला बंद झालं होतं, मला तर ९२च आहेत." आधी बघायचं की ते ११० किती पैकी होते. लॉ सीईटी पूर्वी १५० प्रश्नांची आणि १५० गुणांची होती, आता १२० ची आहे. १५० पैकी ११० म्हणजे १२० पैकी ८८. म्हणजे रडवेला झालेला हा मुलगा त्या आकड्याच्या पुढेच आहे. (अर्थात, असं रूपांतर फक्त ढोबळ अंदाजासाठी. खरी तुलना गुणवत्ता क्रमांकाचीच.)

कटऑफ वाचताना आणखी चार गोष्टी जुळतात का ते पाहा: अभ्यासक्रम पदवीनंतरचा तीन वर्षांचा की बारावीनंतरचा पाच वर्षांचा, प्रवर्ग कुठला, फेरी कितवी, आणि उमेदवार महाराष्ट्रातला की बाहेरचा. तीन आणि पाच वर्षांच्या परीक्षाच वेगळ्या आहेत, एकीचा आकडा दुसरीला लावता येत नाही. फेरीचा फरकही लहान नसतो. पहिल्या फेरीत वर दिसणारा आकडा मुलांनी जागा सोडल्या, बदलल्या की पुढच्या फेऱ्यांत खाली येऊ शकतो. त्यामुळे पहिल्या फेरीचा कटऑफ पाहून एखादं कॉलेज यादीतून उडवणं घाईचं ठरतं.

सीईटी दिली म्हणजे कॅपमध्ये नाव लागलं, हा समज

नाही लागत. सीईटीचा अर्ज वेगळा आणि कॅपची नोंदणी वेगळी. तिची मुदत वेगळी, शुल्क वेगळं. कागदपत्रं अपलोड केल्यावर त्यांची छाननी होते, त्रुटी असेल तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि ती दुरुस्ती ठरलेल्या तारखेच्या आत करावी लागते. लॉगिन करून रोज एकदा बघायचं, एवढंच काम आहे. पण अर्ज कॅफेतून भरलेला असतो, मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा किंवा बंद पडलेला असतो, आणि निरोप कुणी वाचलेलाच नसतो.

सगळ्यात जास्त घात नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, म्हणजे ओबीसीसारख्या प्रवर्गातलं कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचा दाखला करतो. त्याची वैधता त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षी कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर ते जुलैमध्ये चालत नाही. मग उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो आणि प्रवर्गात सहज मिळणारी जागा हातची जाते. तहसील कार्यालयातली जूनमधली गर्दी ज्याने पाहिली आहे तो हे काम एप्रिल-मेमध्येच उरकून घेईल. जात वैधता प्रमाणपत्र आणि ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला यांचंही काम असंच आधी उरकावं.

पात्रतेचे टक्केही विसरू नका. खुल्या प्रवर्गाला बारावीत किंवा पदवीत ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० लागतात. सीईटीत कितीही चांगला स्कोअर असला तरी हे टक्के नसतील तर तो कामाचा नाही. दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांनाही तीन वर्षांच्या लॉला प्रवेश मिळत नाही.

ऑप्शन फॉर्म: दोनच नावं, तीही घाबरत

इंदापूरकडून आलेली एक मुलगी आणि तिचे वडील फॉर्म घेऊन बसले होते. लॅपटॉपवर ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंती क्रमाने भरायचा फॉर्म उघडा, त्यात दोनच कॉलेजं. पहिल्या क्रमांकावर तिला फारसं न आवडलेलं, पण "नक्की मिळेल" असं कुणीतरी सांगितलेलं कॉलेज, आणि दुसऱ्यावर आयएलएस.

"असं उलटं का भरलंस, बाळा?"

"मॅडम, आयएलएस वर टाकलं आणि नाही मिळालं तर खालचंपण जाईल ना?"

वडील म्हणाले, "आम्हाला बी तसंच सांगितलंय."

ही भीती फार खोलवर बसलेली आहे आणि ती निराधार आहे. जागावाटप तुमच्या गुणवत्ता क्रमांकावर होतं. तुमची पाळी आली की संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा शिल्लक असेल तिथे थांबतो. पहिलं कॉलेज नाही मिळालं म्हणून दुसऱ्यावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. तेव्हा क्रम आवडीप्रमाणे लावा, कटऑफच्या भीतीने नको.

तिच्या फॉर्ममध्ये खरा धोका दुसराच होता. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की साधारणपणे ती पक्की धरली जाते आणि पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. म्हणजे तिचा क्रमांक आयएलएसपर्यंत पोचत असता, तरी तिला नको असलेलं कॉलेज गळ्यात पडलं असतं. यादी उलटी केली, खाली आणखी कॉलेजं घातली, वडिलांनी प्रत्येक नावाला "इथनं हॉस्टेल लांब आहे का?" विचारून घेतलं, मगच फॉर्म लॉक केला. फ्रीझ (मिळालेली जागा पक्की करणं), बेटरमेंट (पुढच्या फेरीत वरची पसंती मागणं) आणि रिपोर्टिंग (कॉलेजात हजर होणं) यांच्या अटी मात्र त्या त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतूनच वाचा. बेटरमेंट घेतलं आणि वरची जागा मिळाली तर आधीची जागा आपोआप जाते, हे आई-वडिलांनाही समजावून सांगा.

स्कोअर कमी पडला की थेट व्यवस्थापन कोटा

व्यवस्थापन कोटा म्हणजे कॅपबाहेर कॉलेज स्वतः भरतं त्या जागा. इथे पैशाचा हिशेब अर्धाच केला जातो. कॅपमधून मिळालेल्या जागेला सरकारी शुल्क सवलती जोडलेल्या आहेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहेच. शिवाय जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. थोडं मागच्या पसंतीचं कॉलेज कॅपमधून घेतलेल्या मुलीची आणि नावाजलेल्या ठिकाणी कोट्यातून गेलेल्या मुलीची पाच वर्षांची फी शेजारी शेजारी लिहून पाहा, मग ठरवा.

परीक्षा अजून द्यायची असेल तर

सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे गुण फेकणं आहे. क्लॅटमध्ये चुकीला ०.२५ कापतात, तिथे हिशेब करावा लागतो. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तर सरासरी फायदा जेमतेम ०.०६ गुणांचा. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर तो ०.१७ च्या आसपास जातो, दोन बाद झाले तर ०.३७ च्या वर. म्हणजे एक जरी पर्याय खोडता आला तर उत्तर द्यावं.

कटऑफ जास्त म्हणून कॉलेज माझ्यासाठी चांगलं?

कटऑफ सांगतो की त्या कॉलेजला किती मुलं जाऊ इच्छितात. तुम्हाला तिथे काय मिळेल ते त्यातून कळत नाही. ज्याला कॉर्पोरेट फर्ममध्ये जायचं आहे त्याने इंटर्नशिप, मूट कोर्ट (सरावासाठीचे खटले) आणि माजी विद्यार्थ्यांचं जाळं बघावं, आणि तिथे मोठ्या नावाला नक्कीच वजन आहे. न्यायाधीश व्हायचं असेल तर गणित वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे पदवी, मग ऑल इंडिया बार परीक्षा, मग कोर्टात उभं राहणं, आणि त्यानंतर एमपीएससीची जेएमएफसी, म्हणजे हीच दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा. या वाटेवर शिवाजीनगर कोर्टात नियमित जाता येईल, एखाद्या वकिलाकडे शिकता येईल असं कॉलेज हवं. डेक्कन परिसरातून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानक काही मिनिटांवर आहे. रोज शहराच्या दुसऱ्या टोकाहून ये-जा करून, ७० टक्के हजेरी सांभाळून कोर्टात जाणं किती जमेल, याचा विचार प्रवेशाआधीच व्हायला हवा. आणि कॉलेज कुठलंही असो, बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे का, हे एकदा तपासाच.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला मनासारखं कॉलेज नाही मिळालं म्हणून वर्ष वाया घालवण्याचा निर्णय मुलं फार पटकन घेतात. माझं मत स्पष्ट आहे: क्लॅटमध्ये थोडक्यात हुकलेल्याने एक वर्ष द्यायला हरकत नाही, बाकीच्यांनी बीए किंवा बीकॉमला प्रवेश घ्यावा आणि पदवीनंतर तीन वर्षांची सीईटी द्यावी. एकूण पाचाऐवजी सहा वर्षं लागतात, पण हातात स्वतंत्र पदवी असते आणि परीक्षेची दुसरी संधी मिळते. त्याआधी कॅपच्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागांची संस्थास्तरीय फेरी होते, ती पाहायला विसरू नका. तिची सूचना कॉलेजच्या संकेतस्थळावर आणि नोटीस बोर्डावर लागते, अर्जाची मुदत फार थोडी असते, आणि त्यासाठी मूळ कागदपत्रांची फाइल तयार ठेवावी लागते.