क्लायंट अचानक मेला की सर्व्हर काय काय आवरतो

विंडोइंग सिस्टिम शिकायला घेतली की सगळे आधी विंडो रंगवणाऱ्या कोडकडे धावतात. मीही तेच केलं. आता कुणी नवं आलं की मी सांगते, क्लायंट (विंडो उघडणारा प्रोग्राम) आणि सर्व्हर (त्या विंडो पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम) यांच्यातलं कनेक्शन तुटल्यावर काय होतं ते आधी वाचा. कोणती वस्तू कुणाच्या मालकीची, हे तिथे लख्ख दिसतं.

१९८७ चा एक्स११ हा विंडोइंग प्रोटोकॉल घ्या. क्लायंट जोडला गेला की सर्व्हर त्याला एक बेस (आयडींची सुरुवातीची संख्या) आणि एक मास्क (त्यातले कोणते बिट बदलता येतात ते) देतो. विंडो, पिक्समॅप (पडद्याबाहेर ठेवलेलं चित्र), कर्सर यांचे आयडी क्लायंट त्यातूनच स्वतः ठरवतो, दर वेळी सर्व्हरला विचारत नाही. आयडीवरूनच मालक कळतो, म्हणून सॉकेट (दोघांमधला संवादाचा दुवा) बंद झालं की सर्व्हर त्याचा सगळा पसारा आवरू शकतो.

आवरायचा क्रम मात्र नाजूक असतो. एक्स११ चा सर्व्हर असलेल्या एक्स.ऑर्ग सर्व्हरच्या कोडमध्ये क्लायंटची रिसोर्स-यादी (त्याच्या वस्तूंची यादी) मोकळी करताना दर नोंदीला यादीचं टोक पुढे सरकवलेलं दिसेल. सगळीच यादी जाणार, मग हा खटाटोप कशाला? कारण रंगांची नोंद मोकळी करणारं फंक्शन त्याच वेळी कलरमॅपचा (रंगांच्या तक्त्याचा) आयडी शोधतं. यादी अर्धवट मोडलेली असेल, तर ते फ्री झालेल्या मेमरीत जाऊन पडेल. तिथली कमेंट हेच सांगते, जरूर वाचा.

मला हे खरं उमगलं ते सरावासाठी वेलँड या एक्स११ नंतरच्या प्रोटोकॉलचा छोटा कंपोझिटर (तिथला सर्व्हर) लिहिताना. टर्मिनल नीट बंद केलं की सगळं सुरळीत चालायचं. त्याला किल -९ दिलं (म्हणजे तडकाफडकी मारलं) आणि पुढची कळ दाबली, की कंपोझिटरच कोसळायचा. दोन दिवस मी कीबोर्डच्या कोडमध्ये शोधत होते. शेवटी अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाने) दाखवलं की फोकसचा, म्हणजे कळा कुणाकडे जातात ते सांगणारा, पॉइंटर मेलेल्या सरफेसकडेच (विंडोचं चित्र धरणाऱ्या वस्तूकडेच) बोट दाखवत होता. नीट बंद होताना क्लायंट आधी टॉपलेव्हल (सरफेसला विंडोचं रूप देणारी वस्तू) नष्ट करतो, आणि फोकस काढायचं काम मी तिथे ठेवलं होतं. क्लायंट अचानक मेला की लिबवेलँड ही वेलँडची लायब्ररी त्याच्या वस्तू आयडीच्या क्रमाने मोडते. सरफेस आधी तयार झालेला, म्हणून तो आधी जातो. फोकस ठेवताना सरफेसवरच डिस्ट्रॉय लिसनर (वस्तू नष्ट होताना खबर मिळवणारा कोड) लावला, फोकस बदलताना तो यादीतून काढायला लागले, आणि क्रॅश थांबला.

तेव्हापासून नवीन काही लिहिलं की मी क्लायंटला अडनिड्या वेळी मारून पाहते: पहिला बफर (विंडोच्या चित्राची मेमरी) जोडण्याआधी, पॉपअप उघडा असताना, विंडो ओढली जात असताना.

उलटही घडतं. क्लायंट मेलेला असतो आणि विंडो पडद्यावर तशीच उभी असते. अशा वेळी सर्व्हरच्या सफाईला दोष देण्याआधी फोर्क झालेली चाइल्ड प्रोसेस, म्हणजे क्लायंटने स्वतःची प्रत काढून सुरू केलेली प्रोसेस, शोधा. सॉकेटचा डिस्क्रिप्टर (ते वापरण्यासाठीचा क्रमांक) तिच्याकडे वारशाने गेला असेल, तर सर्व्हरच्या दृष्टीने कनेक्शन अजून जिवंतच असतं. डिस्क्रिप्टरवर क्लोज-ऑन-एक्झेक (आपोआप बंद होण्याची खूण) लावलं, तरी ते एक्झेक झाल्यावरच, म्हणजे प्रोसेसने दुसरा प्रोग्राम चालवायला घेतल्यावरच, लागू होतं. नुसता फोर्क करत असाल, तर चाइल्डमध्ये तो डिस्क्रिप्टर हाताने बंद करा.