आधी फेरफार, मग क्यूजीआयएस

जमिनीच्या नोंदी शोधून त्या नकाशावर बसवण्याच्या कामात नवी मुलं दोन वाटांनी येतात. सिव्हिलचा डिप्लोमा किंवा जीआयएसचा (संगणकावरच्या नकाशांचा) कोर्स करून आलेल्यांना सॉफ्टवेअर छान येतं, पण सातबारा वाचता येत नाही. वकिलाच्या हाताखाली शिकलेल्यांना फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदी, पाठ असतात, पण नकाशापाशी ती अडतात. हे दोन्ही एकाच माणसाला यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. उतारा आणि नकाशा जिथे जुळत नाहीत, तिथेच आपलं काम सुरू होतं.

सुरुवात सातबाऱ्याने करा. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि बारा म्हणजे पिकांची नोंद, एवढं सगळ्यांना माहीत असतं. नवखा माणूस नाव आणि क्षेत्र बघून उतारा बाजूला ठेवतो. मी आधी फेरफार क्रमांक बघतो. नावांशेजारचे, इतर हक्कांच्या रकान्यातले, कंसात गेलेल्या (म्हणजे रद्द झालेल्या) नोंदींचे आणि तळाशी दिलेले जुने फेरफार, सगळे एका तक्त्यात उतरवून काढायचे. मग गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारांची नोंदवही, त्यातली एकेक नोंद उघडून तारीख, कारण आणि किती क्षेत्र कुणाकडून कुणाकडे गेलं ते लिहायचं.

तक्ता झाला की फेरफारांचे दोन गट पाडा. वारस, बोजा (जमिनीवरचं कर्ज), संपूर्ण गटाची खरेदी यांनी फक्त नावं किंवा हक्क बदलतात. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालचं वाटप, गटाच्या तुकड्याची विक्री, भूसंपादन आणि एकत्रीकरण (विखुरलेले तुकडे एकत्र करणं) यांनी जमिनीचा आकार बदलतो. नकाशाच्या कामात दुसरा गट महत्त्वाचा. आकार बदलणाऱ्या प्रत्येक फेरफारासाठी एकच प्रश्न विचारायचा: याची खूण नकाशावर उमटली आहे का? उमटली नसेल तर कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाचा तक्ता), फाळणी नकाशा (गटाच्या विभागणीचा), नाहीतर मोजणीची क प्रत (मोजणीनंतर अर्जदाराला मिळणारी नकाशाची प्रत) मिळते का, हे तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात बघावं लागतं. नक्कल मागताना गट नंबरासोबत जुना सर्व्हे नंबरही लिहा. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली जिथे एकत्रीकरण झालं तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि त्याआधीचे कागद जुन्या नंबरानेच सापडतात. कोकणात तर बऱ्याच गावांत आजही सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतात.

आता नकाशा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गटावर क्लिक केलं की खातेदार आणि क्षेत्र दिसतं, आणि अहवाल पीडीएफमध्ये उतरवता येतो. वडगाव किंवा पिंपळगाव नावाची गावं ढीगभर आहेत, म्हणून सातबाऱ्यावर गावाच्या नावासोबत छापलेला गावाचा संकेतांक आधी टिपून ठेवा.

हा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्स करताना, म्हणजे खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवताना, खरी कसोटी नियंत्रण बिंदू निवडण्याची असते, म्हणजे नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा. तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, जुनी दगडी विहीर, पिढ्यान्‌पिढ्या न हललेल्या बांधाचा कोपरा हे चांगले बिंदू. ओढ्याचा काठ किंवा रुंद झालेल्या रस्त्याची कड घेऊ नका, त्या सरकलेल्या असतात. बिंदू गावाच्या चारही बाजूंना पसरलेले हवेत. रूपांतरासाठी पहिल्या घाताचं पॉलिनॉमियल (सगळा नकाशा एकाच सूत्राने बसवणारी पद्धत) वापरा आणि प्रत्येक बिंदूची चूक वाचा. थिन प्लेट स्प्लाइन ही दुसरी पद्धत निवडली की बिंदूंपाशी चूक जवळजवळ शून्य दिसते आणि शिकाऊ माणूस खूश होतो. पण तिथे नकाशा बिंदूंपर्यंत ताणून आणलेला असतो, चुकीचा बिंदूही खपून जातो. दोन-तीन ओळखीच्या जागा बिंदूंत न घेता राखून ठेवा आणि नकाशा त्यांच्यावर किती मीटरने चुकतो ते शेवटी तपासा.

क्षेत्रफळ मोजण्याआधी प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत, बघा. अशा प्रत्येक पद्धतीला ईपीएसजी नावाचा संकेतांक असतो. ईपीएसजी ४३२६ हे अंशांत चालतं, त्यात प्रतलीय क्षेत्रफळाला अर्थ नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग यूटीएम या मीटरमध्ये चालणाऱ्या पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात येतो, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला ४४ वा पट्टा लागतो. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली त्यात. नागपूरजवळचा गट ४३ मध्ये मोजला तर हेक्टरी सुमारे ३५ चौरस मीटर जास्त भरतात.

एककांचंही तसंच. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, लोक एकर-गुंठ्यांत बोलतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती, म्हणून एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा बरोबर एक गुंठा भरतो. आर आणि गुंठा एकच धरले तर एका हेक्टरला सव्वा गुंठ्याच्या आसपास फरक पडतो. गावात एवढ्यावरून भांडणं होतात, म्हणून अहवालात एकक दरवेळी लिहा.

फेरफारांचा तक्ता नकाशाला जोडताना गट नंबराचा रकाना कायम मजकूर म्हणून ठेवा. सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर फाइल) थेट एक्सेलमध्ये उघडली की १२/१ ची तारीख होऊन बसते आणि तो गट नकाशाशी जुळतच नाही. एका ठिकाणी देवनागरी अंक आणि दुसरीकडे इंग्रजी, एकीकडे ‘अ’ तर दुसरीकडे ‘ए’, नंबरामागे राहिलेली मोकळी जागा, न जुळणाऱ्या गटांमागे बहुतेक वेळा हीच कारणं निघतात.

जोडणी झाली की नोंदलेलं आणि मोजलेलं क्षेत्र शेजारी ठेवा. समजा उताऱ्यावर १ हेक्टर ६२ आर आहे आणि नकाशावर १ हेक्टर ८८ आर भरतं. आधी पोटखराब (लागवडीला न येणारं क्षेत्र) धरला आहे ना ते बघा. मग फेरफारांच्या तक्त्यात २६ आर शोधा. कालव्यासाठी २६ आर संपादित झाल्याचा फेरफार सापडला, तर उतारा कमी झाला आणि नकाशा जुनाच राहिला, हे उघड झालं. हे ऑफिसात बसून कळतं, आणि शेतकऱ्याचे पैसे खर्च होण्याआधी कळतं. मला या कामात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

जे कळत नाही तेही अहवालात स्पष्ट लिहा. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर ५ मीटर रुंद असते. उपग्रह चित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं. त्यामुळे बांध कुणाच्या हद्दीत आहे, याचं उत्तर स्क्रीनवरून देऊ नका, त्यासाठी हद्दकायम मोजणीच (जागेवर हद्द ठरवून देणारी सरकारी मोजणी) मागवावी लागते. सातबाऱ्यावर तीन भावांची क्षेत्रं वेगळी असली आणि नकाशावर पोटहिस्सा (गटातला वेगळा तुकडा) पडलेला नसला, तर आपल्या मनाने रेघा ओढून हिस्से दाखवू नका. तशी छापील प्रत बाहेर गेली की ती पुरावा म्हणून फिरू लागते. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरचा मोफत उतारा अभ्यासाला पुरतो, पण अहवालाला डिजिटल स्वाक्षरीचाच लावा, त्याला १५ रुपये पडतात.

सरावाला स्वतःच्या किंवा आजोळच्या गावातला गट घ्या, शक्यतो कालवा किंवा महामार्ग गेलेला. तिथले जुने फेरफार समजत नसतील तर घरातल्या जाणत्या माणसाला विचारा, आणि त्यांचं सांगणंही तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा.