हरवलेला चित्रपट कसा शोधावा : पुण्यात बसून काबूल, हार्गेसा, नॉमपेन्हपर्यंत

‘आलम आरा’ १९३१ साली आला, आपला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्याआधीच्या मूकपटांच्या काळात भारतात सुमारे तेराशे चित्रपट झाले आणि त्यांतले तीसही धड उरले नाहीत. जे उरले त्यांतले बरेचसे तुकड्यांत आहेत. ज्या देशाचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावर उभं आहे, त्या देशाची ही गत. मग जिथे संग्रहालयच नव्हतं, किंवा होतं आणि युद्धात गेलं, तिथलं काय? कंबोडियात १९६० ते १९७५ या काळात तीनशेहून अधिक चित्रपट तयार झाले. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीची चार वर्षं संपल्यावर त्यांतले मोजकेच हाती लागले.

हरवलेले चित्रपट शोधायचं काम सरकारांनी आणि मोठ्या संस्थांनीच करायचं, असा समज आहे. पण सापडलेल्या गोष्टींचा इतिहास पाहिला तर त्यात माळे, भंगाराची दुकानं आणि कुणाच्या तरी चौकशा पुन्हापुन्हा दिसतात. चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ कान महोत्सवात गौरवला गेला होता, तरी त्याची प्रत कलकत्त्यातल्या भंगाराच्या दुकानात छायालेखक सुब्रत मित्रा यांच्या नजरेस पडली, म्हणून वाचली. अशी नजर आपल्यालाही कमावता येते. कशी, ते सांगतो.

आधी ठरवा : नेमकं काय हरवलंय?

एक चित्रपट किंवा एकच कार्यक्रम घ्या. ‘अफगाणिस्तानचे जुने चित्रपट’ असा शोध कुठेच पोहोचत नाही. मग विचारा, ही गोष्ट मुळात नोंदली गेली होती का? सुरुवातीच्या काळात दूरदर्शन आणि रेडिओवरचं बरंच काही थेट प्रक्षेपित होत असे. टेप महाग होती, म्हणून जे रेकॉर्ड झालं त्यावरही पुन्हा रेकॉर्डिंग केलं जाई. जगभर हेच चाललं होतं. जे कधी टेपवर आलंच नाही, त्याचा फक्त कागदी माग लागेल. तोही काढण्यासारखा असतो, पण हे आधी कळलं तर वर्षं वाया जात नाहीत.

मग नाव. मूळ लिपीत ते कसं लिहितात, ते त्या भाषेच्या माणसाकडून लिहून घ्या. रोमन स्पेलिंगवर विसंबू नका. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली १९७२ साली, त्यामुळे त्याआधीची नावं ऐकणाऱ्याने जमेल तशी उतरवलेली आहेत. म्यानमारची अडचण वेगळी. तिथे अनेक वर्षं झॉजी नावाचा फॉन्ट वापरात होता, आणि देशाने अधिकृतपणे युनिकोड स्वीकारला २०१९ मध्ये. एकच बर्मी नाव दोन्ही पद्धतींनी शोधलं नाही तर इंटरनेटवरचा निम्मा जुना मजकूर दिसतच नाही.

सालाचंही तसंच. आपण शके आणि संवत यांच्यात वाढलेली माणसं, आपल्याला हे अवघड नाही. नेपाळमध्ये तयार झालेला पहिला नेपाळी चित्रपट ‘आमा’ १९६४ चा. नेपाळी कागदांत त्याचं साल २०२१ असतं. अफगाण कागदावरचं १३४७ म्हणजे आपलं १९६८-६९. इथियोपियाचं साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. शिवाय देशांची नावं बदलली : सिलोन, बर्मा, अप्पर व्होल्टा (आजचं बुर्किना फासो), दाहोमी (आजचं बेनिन). जुन्या नावाने शोधल्याशिवाय जुनी यादी हाती लागत नाही.

मग कागद

फिल्मच्या आधी कागद शोधायचा. वर्तमानपत्रातली जाहिरात, सेन्सॉरची नोंद, गाण्यांची पुस्तिका, महोत्सवाची माहितीपत्रिका. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयाचं ग्रंथालय यासाठी सोन्याची खाण आहे, आणि भारतीय चित्रपटांसाठी ‘इंडियनसिने डॉट एमए’ हा कोश घरबसल्या पाहता येतो. सेन्सॉरच्या नोंदीत लांबी फुटांत किंवा मीटरमध्ये दिलेली असते. ती जरूर टिपून ठेवा. ३५ मिमीचा बोलपट मिनिटाला ९० फूट धावतो, म्हणजे १२,००० फुटांचा चित्रपट साधारण सव्वादोन तासांचा. उद्या हाती तीन रिळं लागली तर पूर्ण चित्रपट मिळाला की तुकडा, हे याच आकड्यावरून कळेल.

फक्त जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. जाहिरात झाली पण चित्रपट पूर्णच झाला नाही, असं सर्रास घडत असे. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे पुरावे जुळले, तरच तो खरंच पडद्यावर आला होता असं माना.

प्रत कुठे कुठे गेली असेल?

सगळा शोध खरं तर इथेच आहे. चित्रपट जिथे बनला तिथे तो क्वचितच वाचतो. वाचतो तो जिथे त्याची प्रत जाऊन पडली तिथे. निर्मात्याला जागेचं भाडं भरायचं असतं, फिल्ममधली चांदी विकून चार पैसे मिळतात, दंगल होते, आग लागते. दूरदेशी गेलेली प्रत मात्र परत पाठवणं परवडत नाही, म्हणून ती तिथेच राहते. १९१९ चा आपला ‘बिल्वमंगल’ पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट संग्रहालयात निघाला आणि २०१६ मध्ये त्याची डिजिटल प्रत पुण्यात आली. बीबीसीने स्वतःच पुसून टाकलेल्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे नऊ हरवलेले भाग २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात मिळाल्याचं जाहीर झालं, कारण कधीकाळी ते प्रक्षेपणासाठी परदेशी विकले होते. कॅनडाच्या टोकाला डॉसन सिटी नावाचं गाव आहे. वितरणाची साखळी तिथे संपायची. १९७८ मध्ये तिथल्या जमिनीतून मूकपटांची शेकडो रिळं निघाली.

म्हणून चित्रपटाचा प्रवास कागदावर मांडा. निगेटिव्ह कुठे धुतलं? आफ्रिकेतल्या अनेक देशांत प्रयोगशाळाच नव्हत्या. फिल्म पॅरिस, लंडन, रोमला जाई आणि निगेटिव्ह बहुधा तिथेच राही. दिग्दर्शक शिकला कुठे? मालीचे सुलेमान सिसे मॉस्कोला शिकले. गिनी-बिसाऊच्या स्वातंत्र्यलढ्याचं चित्रण करणारे तरुण क्यूबात शिकून आले होते, आणि त्यांनी टिपलेलं जे उरलं ते पुढे बर्लिनमध्ये डिजिटाइझ झालं. विद्यार्थीदशेतला चित्रपट त्या शाळेकडे असू शकतो, हे पुण्यातल्या आपल्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेकडे पाहूनही समजतं. पुढचे प्रश्न : कोणत्या महोत्सवात गेला, कुणी विकत घेतला, कोणत्या भाषेत डब झाला, शेवटी कुठे दाखवला? आपल्याकडे ही शेवटची जागा म्हणजे जत्रेतला तंबू. मोठ्या शहरांतून फिरून, ओरखडे पडून, चिकटपट्ट्या लावलेली प्रत अखेर टूरिंग टॉकीजवाल्याकडे येई. त्यांच्या वारसांकडे अजूनही डबे असतात.

कधी प्रत माणसांनी जाणूनबुजून लपवलेली असते. १९९६ मध्ये तालिबान काबूलमध्ये आले तेव्हा ‘अफगाण फिल्म’ या सरकारी चित्रपट संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी खोटी भिंत उभारून तिच्यामागे रिळं दडवली. सोमालियाच्या उत्तरेकडच्या सोमालीलँडमध्ये १९८८ च्या बॉम्बवर्षावाच्या काळात हार्गेसाच्या लोकांनी रेडिओच्या ध्वनिफिती शहराबाहेर नेल्या, काही पुरून ठेवल्या. आज तिथल्या सांस्कृतिक केंद्रात दहा हजारांहून अधिक कॅसेट आहेत. ही माणसं तेव्हा जिवावर उदार झाली होती, हे लक्षात ठेवून त्यांच्याशी बोलावं.

पुण्यातली माणसं

या कामात पुण्याची जमेची बाजू मोठी आहे. अफगाणिस्तान, इराण, येमेन, सुदान आणि आफ्रिकेतल्या इतर देशांतले विद्यार्थी इथे वर्षानुवर्षं शिकायला येतात. नाव वाचून घ्यायला, घोषणा ऐकून कोणत्या भागातली बोली आहे ते सांगायला, घरी आजोबांना फोन करून विचारायला त्यांच्यासारखी मदत नाही. पहिल्याच भेटीत ‘तुमच्याकडे जुन्या फिल्म आहेत का’ असं विचारू नका. लहानपणी घरी काय पाहायचात, रेडिओ कोण लावायचं, हे विचारा. युद्धातून आलेल्या माणसाला आठवणींकडे जायला वेळ लागतो.

दुसरी माणसं आपलीच. नायजेरिया, झांबिया, इराक, लिबिया, इराणमध्ये नोकरी करून परतलेली कुटुंबं कोथरूड-सहकारनगरात सापडतात. ‘काकू, लुसाकाहून आणलेल्या कॅसेटा माळ्यावर आहेत का अजून?’ एवढं विचारायला काही लागत नाही. हिंदी सिनेमा म्हणून ठेवलेल्या कॅसेटच्या शेवटच्या वीस मिनिटांत तिथल्या टीव्हीच्या बातम्या, साबणाची जाहिरात, राष्ट्रगीत असू शकतं, आणि कदाचित त्या प्रक्षेपणाची ती एकमेव प्रत असते.

अशी कॅसेट लावल्यावर चित्र काळं-पांढरं दिसलं तर ती खराब समजू नका. आपलं प्रक्षेपण पाल नावाच्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीचं होतं. इराण, इराक, लिबिया आणि फ्रेंच वसाहती असलेला बराचसा आफ्रिका सेकाम या दुसऱ्या पद्धतीवर होता. साध्या व्हीसीआरवर त्या कॅसेटचे रंग उमटत नाहीत. मल्टिसिस्टिम व्हीसीआर मिळवा, रंग परत येतात.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा, आणि रद्दीवाल्याला आपला नंबर देऊन ठेवा.

डबा हातात आल्यावर

गडबड करू नका. पत्र्याचा गंजलेला डबा मोकळ्या हवेत, झाकण आपल्यापासून दूर धरून उघडा. व्हिनेगरचा आंबट वास नाकात घुसला तर ती ॲसिटेट फिल्म आहे आणि तिचं विघटन सुरू झालंय. ती इतर रिळांपासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधली तर कोंडलेल्या आम्लाने ती अधिकच कुजेल.

पट्टीने रुंदी मोजा. ३५ मिलिमीटर भरली तर आधी कडेचं लिखाण वाचा. तिथे ‘सेफ्टी’ असा इंग्रजी शब्द छापलेला नसेल आणि चित्रपट १९५२ च्या आधीचा असेल, तर ती नायट्रेट, म्हणजे सहज पेट घेणारी जुनी फिल्म, असू शकते. तपकिरी भुकटी, मधासारखा चिकट थर किंवा उग्र वास असेल तर घरात एक रात्रही ठेवू नका. नायट्रेट पेटली की ती स्वतःच प्राणवायू सोडते, पाण्याखालीही जळत राहते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच साठवलेल्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा गेला. डबा सावलीत ठेवून लगेच संग्रहालयाला फोन करा. बसने, रेल्वेने किंवा कुरिअरने पाठवू नका.

सेफ्टी असेल तर हातमोजे घालून, फक्त कडांना धरून सुरुवातीची दोन-चार फूट उलगडा. मागे पांढरा कागद, त्यावर उजेड, हातात भिंग. सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर शाईने चित्रपटाचं नाव, रिळाचा क्रमांक, कधी प्रयोगशाळेचं नाव लिहिलेलं असतं. कोडॅकच्या फिल्मवर कडेला बारीक त्रिकोण, चौकोन, वर्तुळ अशी चिन्हं असतात. त्यावरून फिल्म कोणत्या वर्षी तयार झाली ते कळतं, मात्र खुणा वीस वर्षांनी पुन्हा येत असल्याने दोन-तीन शक्यता उरतात. डब्यावरचं जुनं लेबल कितीही फाटकं असलं तरी काढू नका. सगळ्याचे फोटो घ्या. आणि काहीही झालं तरी प्रोजेक्टरवर लावू नका : आकसलेल्या फिल्मची भोकं दात्यांत बसत नाहीत आणि ती फाटते.

कॅसेटच्या खिडकीतून पांढुरकी बुरशी दिसली, जी पुण्याच्या श्रावणात हमखास धरते, तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाते. चांगली कॅसेट असेल तर आधी मागची प्लास्टिकची कळी तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही.

नक्कल आणि सुपूर्द करणं

टेप पूर्ण उतरवा, पहिल्या फटफटीपासून शेवटच्या मुंग्यांपर्यंत. जाहिराती, निवेदिका, पडद्यावरचं घड्याळ कापू नका, तारीख त्यांच्यावरूनच लागते. मूळ नक्कल एफएफव्ही१ सारख्या, दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात ठेवा, पाहण्यासाठी वेगळी एमपी४ करा. तीन प्रती हव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी. फिल्मचं स्कॅनिंग घरी करू नका, ते जाणकारांचं काम आहे.

मूळ वस्तू कुणाला द्यावी? भारतीय असेल तर पुण्याचं संग्रहालय किंवा मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन. त्यांच्या फिल्म जतनाच्या कार्यशाळांना शेजारी देशांतली माणसंही येतात, त्यामुळे नेपाळ, श्रीलंका, अफगाणिस्तानचा पत्ता तिथे लागू शकतो. कंबोडियाचं काही सापडलं तर नॉमपेन्हचं बोफाना केंद्र, सोमाली असेल तर हार्गेसाचं सांस्कृतिक केंद्र. ज्या देशाची ती वस्तू आहे, तिथल्या लोकांना निदान नक्कल मिळालीच पाहिजे, यावर माझा आग्रह आहे.

पत्र छोटं लिहा : वस्तू कोणती, रुंदी किती, डबे किती, अवस्था कशी, कुणाकडून मिळाली, सोबत फोटो. डब्यात काय आहे याची खात्री नसेल तर ‘लेबलवर असं लिहिलंय’ एवढंच म्हणा. रीळ तुमचं असलं तरी चित्रपटाचे हक्क तुमचे होत नाहीत. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं आणि प्रक्षेपणाचा हक्क २५ वर्षं चालतो, इतर देशांत मुदती वेगळ्या आहेत. त्यामुळे इंटरनेटवर टाकण्याआधी संस्थेला विचारा. सोबत देणगीचं पत्र करा आणि त्यात नक्कल कुणाला पाहता येईल ते लिहून घ्या. उत्तर महिना-दीड महिना आलं नाही तर पुन्हा लिहा. या संस्थांमध्ये माणसं कमी असतात. तोवर डबा आडवा, जमिनीपासून वर, बाथरूमच्या भिंतीपासून लांब ठेवा.