नाटकाचा प्रयोग दिव्यांगांसह सगळ्यांना बघता यावा म्हणून: पंधरा दिवस आधीची तयारी

सुरुवात मोजपट्टीने करा. नाट्यगृहाला फोन केला की ‘रॅम्प आहे’ एवढंच कळतं; उतार किती, ते जाऊन मोजावं लागतं. हिशोब साधा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. दारापुढे 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर चढ 45 सेंटिमीटरचा, म्हणजे रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. आयत्या वेळी दोन मीटरची प्लायची फळी टाकली तर व्हीलचेअर मागे उलटू शकते, थेट ढकलणाऱ्याच्या अंगावर. रुंदी 120 सेंटिमीटर, वर वळायला दीड मीटर चौरस जागा, दोन्ही बाजूंना कठडा. दारातलं काथ्याचं जाड पायपुसणं काढून ठेवा, पुढची लहान चाकं त्यातच अडकतात.

स्वच्छतागृहाचं दार 90 सेंटिमीटर मोकळं आणि बाहेर उघडणारं हवं. आत उघडत असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच अंगाला दार अडतं. आधाराचा दांडा जोर लावून हलवून बघा. आत रचलेल्या बादल्या, खराटे, मोडक्या खुर्च्या आदल्या दिवशी काढा आणि कुलूप उघडंच ठेवा. मध्यंतरात किल्ली शोधायला वेळ नसतो.

सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन ठरवा. अडीच तासांचं नाटक एकट्याला पेलत नाही. वीस-तीस मिनिटांत हात आणि डोकं दोन्ही थकतात, वाक्यं गळायला लागतात. संहिता आत्ताच द्या, तालमीलाही बोलवा. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं आहे, त्यामुळे म्हणी आणि कोट्यांना आधीच पर्याय शोधावा लागतो. दुभाषी पात्रांच्या शक्य तितका जवळ उभा राहू दे आणि कर्णबधिर प्रेक्षकांच्या जागा त्याच बाजूला राखा. दुभाष्यावरचा दिवा वेगळ्या डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर) घ्या. इथे चूक हमखास होते: रंगमंचावर अंधार होतो, पात्र अंधारातून बोलतं आणि हात दिसत नाहीत. मराठी ओळी पडद्यावर दाखवल्या की दुभाषी नको, असं मात्र समजू नका. उतारवयात ऐकू कमी यायला लागलेल्यांना त्या ओळी पुरतात. लहानपणापासून हातांनीच बोलणाऱ्या अनेकांसाठी मराठी ही दुसरी भाषा असते.

दृष्टिहीन प्रेक्षकांना पाऊण तास आधी, नेपथ्य लागल्यावर बोलवा. सोफा कुठे, आतलं दार कुठे, हे त्यांना हाताने चाचपून, चालून कळू दे. प्रत्येक नटाने आपल्या पात्राच्या आवाजात दोन वाक्यं म्हणावीत, म्हणजे पुढे कोण बोलतंय ते शेजाऱ्याला विचारावं लागत नाही.

विंगेत जायची वाटही मोजा. प्रेक्षागृहाला रॅम्प आणि रंगमंचाला सात पायऱ्या असतील, तर दिव्यांग माणूस नट असू शकतो हे आपण धरलेलंच नाही.

जाहिरातीत ‘सर्व सोयी उपलब्ध’ लिहू नका. ‘सपाट प्रवेश मागच्या दाराने, बाल्कनीला लिफ्ट नाही’ असं नेमकं छापा, आणि बुकिंगच्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू ठेवा. कर्णबधिर माणसाला फोन करून तिकीट घेता येत नाही.